सारीची डावी बाजू

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या निमगावच्या रस्त्यावर पाहुण्यांच्या गाड्या दिसायला लागतात. मुलगी बघायला निघालेली गाडी लांबूनच ओळखू येते. आत माणसं जरा जास्तच, टोप्या कडक इस्त्रीच्या, आणि पुढच्या सीटवरचा मध्यस्थ प्रत्येक पानटपरीशी काच खाली करून पत्ता विचारणार. पत्ता त्याला माहीत असतो. त्याला विचारायचं असतं निराळंच: घर कसं, माणसं कशी, काही ऐकण्यात आलंय का. टपरीवाल्यालाही ते ठाऊक असतं. सुपारी कातरता कातरता तो सांगतो किंवा सांगत नाही, आणि कुणाच्या तरी मुलीचं त्यात ठरतं नाहीतर मोडतं.

मला या दिवसांची भीती वाटते. तीस वर्षं झाली सांगवीहून निमगावात येऊन. शाळेत पोरांच्या कितीतरी तुकड्या हाताखालून गेल्या, त्यातल्या काहींची पोरंही गेली. पण लगीनसराईत दारापुढं एखादी गाडी थांबली की अजून हात आपोआप काहीतरी लपवायला जातात. हातात चहाचं फडकं असतं, नाहीतर पोरांच्या वह्या. लपवण्यासारखं घरात काही नसतं. तरी हात जातात.

हे माझ्या धाकट्या बहिणीच्या चष्म्यामुळं.

सारिका, म्हणजे आमची सारी, माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. आई आणि तात्या पहाटेपासून वावरात. कालव्याचं पाणी होतं, त्यामुळं वांगी, मेथी, टोमॅटो असं बारमाही काही ना काही तोडणीला आलेलं असायचं आणि बारामतीच्या बाजारात न्यायचं असायचं. सारीला न्हाऊ घालणं, तिच्या वेण्या, तिचा अभ्यास सगळं माझ्याकडं. ती बोबडं बोलायला लागली तेव्हा पहिला शब्द 'आक्का' आला, 'आई' नंतर. आई यावरून मला हसत हसत टोमणे मारायची. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

ती सात वर्षांची असताना शाळेत डोळे तपासायला माणसं आली. त्यांनी तिचा उजवा डोळा झाकला आणि भिंतीवरचं अक्षर विचारलं. सारीनं विचारलं, "कुठली भिंत?" पोरं हसली. ती गंमत करतेय असं गुरुजींनाही वाटलं. ती गंमत करत नव्हती. उजवा डोळा उत्तम होता, म्हणून सात वर्षं ती धावत होती, पडत नव्हती, सुईत दोरासुद्धा ओवत होती, आणि डावा डोळा नुसता शोभेला होता हे आमच्यापैकी कुणालाच कळलं नव्हतं. तिलाही नाही. तिला वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं.

मी तेव्हा बारामतीला डी. एड.च्या शेवटच्या वर्षाला होते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडं तिला मीच घेऊन गेले. ते शब्द मी एकटीनं ऐकले, म्हणून ते मलाच पुरून उरले आहेत. डॉक्टर म्हणाले, "डोळा आंधळा नाही, आळशी आहे. मेंदूनं त्याच्याकडं लक्ष देणं सोडलंय. चष्मा रोज, आणि चांगल्या डोळ्यावर दिवसाचे चार तास पट्टी. म्हणजे आळशाला काम करावंच लागेल. पण हे सगळं आठ-नऊ वर्षांच्या आत. नंतर तो वळत नाही. खंड पडू देऊ नका." मी मान हलवली. शिक्षिका होणार होते, मला कळलं. घरी येऊन मी आई-तात्यांना सांगितलं, "रोज घालायचाय." त्यांना एवढंच कळलं. आठ-नऊ वर्षांची गोष्ट मी सांगितली होती की नाही, हे मला आज छातीठोकपणे सांगता येत नाही.

चष्मा तपकिरी रंगाचा. डावी काच जाड, उजवी जवळजवळ साधी, त्यामुळं नाकावर तो डावीकडं कलायचा. आईनं मागं बांधायला काळी दोरी वळली. डबी टणक होती, आतून निळी मखमल, मिटताना टक्क असा आवाज व्हायचा. तो आवाज सारीला फार आवडायचा, दिवसातून पन्नास वेळा उघडझाप करायची. मी नियम घालून दिले होते. काढताना दोन्ही हातांनी. काचा खाली करून ठेवायचा नाही. फ्रॉकला पुसायचा नाही, माझ्या जुन्या वॉयलच्या साडीचा तुकडा होता त्यानं पुसायचा. रात्री झोपताना मी तो काढायची, थेंबभर साबणाच्या पाण्यानं धुवायची, फुंकर मारून सुकवायची. ओल्या काचेचा तो गार वास अजून नाकात आहे. काचेला वास नसतो म्हणतात. मला येतो.

आणि पट्टी. पहिली कापसाची, चिकटपट्टी लावलेली. काढताना भुवईचे केस निघायचे आणि सारी घर डोक्यावर घ्यायची. मग मी काळ्या कापडाची शिवली. पहिल्या दिवशी चांगला डोळा झाकला तेव्हा ती अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि हलेना. "आक्का, तू कुठं गेलीस?" म्हणाली. मी समोर दोन हातांवर होते. "हितंच हाय." "दिसत न्हाईस की." मी तिचा हात धरला आणि आम्ही दोघी तशाच अंगणात फिरलो. शाळेत तिला 'ढापणी' नाव पडलं. एकानं तर विचारलं, "ढापणं लावून कुनाची गाडी वडतीस?" सारीनं त्याला बुक्का मारला. एका डोळ्यानं मारला, म्हणून तो शेजारच्याला लागला. त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो.

आमच्या पुढच्या खोलीत शहाबादी फरशी होती आणि भिंतीवर मोठ्या आकड्यांची दिनदर्शिका. रोज संध्याकाळी पट्टी लावून सारी फरशीवर उभी राहायची आणि आकडे वाचायची. सुरुवातीला पहिल्या फरशीवरून, नाक भिंतीला लागेल इतक्या जवळून. पंधरा दिवसांनी दुसरीवरून. गणपतीत तिसरीवरून. मी गेरूनं फरशीवर रेघ काढायची आणि आई ओरडायची की झाडलेलं-पुसलेलं घाण करता म्हणून. दिवाळीत, भाऊबिजेच्या आदल्या दिवशी, सारी सहाव्या फरशीवर उभी राहिली. मागं एकच फरशी, मग उंबरा. तिनं डाव्या डोळ्यानं अख्खी ओळ वाचली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आक्का, तुझ्या साडीवर बारकं बारकं ठिपकं हायती!" त्या साडीवर ठिपके पहिल्यापासून होते. मी तिला उचलून घेतलं. आयुष्यात एवढा आनंद मला नंतर कशानंही झालेला नाही, पोरं झाल्यावरसुद्धा नाही.

पंधरा दिवसांत तुळशीचं लग्न झालं आणि मला बघायला पाहुणे यायला लागले.

नानामामा, आईचा भाऊ, मध्यस्थ होता. माणूस वाईट नव्हता. ओसरीवर बसला, चहा बशीत ओतला आणि सारीकडं बघून म्हणाला, "ताई, ही बारकीची ढापणं आन पट्टी आता जरा आवरा. थोरलीला बघाया लोकं येत्यात. घराण्यात डोळ्याची खोट हाय म्हणत्याल आन दारातनंच म्हागारी फिरत्याल."

आई म्हणाली, "डाक्टरनं रोज लावाया सांगितलंय."

"एक दीस न्हाय लावला तर डोळा काय पळून जातोय व्हय? झाकली मूठ सव्वा लाखाची. लगीन होऊ द्या, मग दोन चष्मं घाला."

आईनं माझ्याकडं बघितलं. घरात शिकलेली मी. मी बोलायला हवं होतं. मी खाली मान घालून बशी विसळायला घेतली.

मग ते सुरू झालं. पाहुणे येणार त्या दिवशी सकाळीच मी सारीचा चष्मा काढायची, दोन्ही हातांनी, नियमाप्रमाणं, आणि डबी ज्वारीच्या कणगीत ठेवायची. डबी ज्वारीत आत ढकलताना दाणे सरकतात त्याचा एक सळसळता आवाज होतो. तो आवाज मी आजही स्वप्नात ऐकते.

यात वाईट काय होतं तर काहीच वाईट दिसत नव्हतं. सारी रडली असती, ठेचकाळली असती, तर आम्ही थांबलो असतो. पण तिचं उलट व्हायचं. पट्टी नाही, दोरी नाही, चांगला डोळा मोकळा. ती वासरासारखी उधळायची. तिच्या लेखी ती सुट्टी होती. सकाळी उठली की गोधडीतूनच विचारायची, "आक्का, आज पावणं येणार हायती का गं?" इतक्या आशेनं विचारायची की आईला हसू यायचं. मलाही यायचं.

निमगावची मंडळी मार्गशीर्षात आली. मुलगा शिक्षक, घरचा पानमळा. मी त्याला एकदाच बघितलं, चहाचा कप उचलताना, आणि मला तो आवडला. आवडला म्हणजे, हे जमलं नाही तर मला फार वाईट वाटेल असं वाटलं. सारी पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी तिला शिकवून ठेवलं होतं: मान तिरकी करायची नाही, डोळे बारीक करायचे नाहीत. तिनं पेले भरले, एक थेंब सांडला नाही, मुलाच्या आईच्या पाया पडली. त्या बाईंनी तिच्या हनुवटीला हात लावून तिचा चेहरा वर केला आणि जरा वेळ बघत राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "गुणाची हाय." सारी आत आली आणि माझ्या कानात म्हणाली, "केलं का न्हाय मी बरोबर?"

लग्न ठरलं. आणि ठरल्यावर तर जास्तच झाकाझाक. निमगावची माणसं बारामतीला बाजाराला आली की वाट वाकडी करून सांगवीला डोकावायची, कधी पानांची करंडी घेऊन, कधी नुसतीच. केव्हा येतील नेम नाही. तेव्हा चष्मा कणगीतच राहिला. अक्षता पडेपर्यंत, असं ठरलं. ते नानामामानं ठरवलं नाही. ते मी म्हणाले. "राहू दे आता अक्षता पडेपर्यंत," हे माझे शब्द आहेत. मोडलं तर काय, या भीतीनं मी तेव्हा झोपेतही दचकायची. सारीचा वाढदिवस गेला, ती आठ वर्षांची झाली. संध्याकाळी फरशीवर उभं राहणं बंद झालं. रुखवताचं सामान मांडताना गेरूच्या रेघा आईनं पुसून टाकल्या.

आमच्या लग्नाचा अल्बम कुणी मागितला तर मी सापडत नाही म्हणते. सारी करवली होती, म्हणून प्रत्येक फोटोत आहे. माझ्यामागं उभी, हातात दिवा, केसांत अबोलीचा गजरा. तिचा उजवा डोळा फोटोवाल्याकडं बघतोय आणि डावा बाहेर कलून मांडवाच्या खांबाकडं. एका फोटोत असता तर चुकून आला म्हणता आलं असतं. सगळ्यांत आहे. अल्बमची पानं उलटताना तो डोळा हळूहळू लांब जातोय असं वाटतं.

पाठवणीच्या वेळी सगळी रडली. तात्या गोठ्यात जाऊन रडले. सारी रडली नाही. बायका म्हणाल्या, बघा बाई, एवढी आक्काची लाडकी आन डोळ्याला टिपूस न्हाय. सारी म्हणाली, "आक्का येणार हाय परत."

पाचव्या दिवशी मी माहेरी गेले ती सासरच्या जीपमधून, जेवणापुरती. घर माणसांनी भरलेलं, त्यातली निम्मी सासरची, चष्म्याचं नावही काढायची सोय नाही. सारी सारखी माझा पदर ओढत होती. "आक्का, तुझी पेटी न्हाय आणलीस?" मी म्हणाले, "पेटी तिकडंच की आता. माझं घर तिकडं झालं." माझ्या पेटीच्या झाकणाला आतून आरसा होता, तिला तो आवडायचा. मला वाटलं, त्या आरशासाठीच विचारतेय.

ज्येष्ठात पानमळ्यातली कामं जरा थंडावली. मी पेटी उपसून शालू लिंबाच्या पाल्यात घालून ठेवायला काढला, तर खाली डबी. मी ती बघितली आणि तिथंच बसले. लग्नाच्या गडबडीत कणगीतून काढून मीच पेटीत टाकली असणार, दुसरं कोण टाकणार. पण टाकल्याचं काही केल्या आठवेना. आणि तिकडं सांगवीत आई कणगीत हात घालून घालून शोधत असणार, आणि हरवला म्हणून शेवटी गप्प बसली असणार.

आता मला काय करता आलं असतं? पुष्कळ काही. नवऱ्याला सांगता आलं असतं, तो भला माणूस होता, आहे. पण महिन्याभराची नवी नवरी, ती काय सांगणार, की आमच्या घरानं तुमच्यापासून एक गोष्ट लपवली? एकदा एक लपवलं म्हटलं की माणसं आणखी दहा शोधतात. मी डबी परत शालूखाली ठेवली. त्या खोलीतच पानांच्या करंड्या भरून ठेवायचे, वर ओलं गोणपाट. त्या ओल्या पानांचा वास डबीच्या मखमलीत उतरला. रोज दुपारी सगळी आडवी झाली की मी पेटी उघडून बघायची, मखमलीला नाक लावायची आणि बंद करायची. एक दिवस गेला, आठवडा गेला. आज नको, उद्या सांगू, असं करत करत जवळजवळ महिना गेला. एका पोरीचा डोळा पेटीत कुलूपबंद ठेवून मी सासरी नीट पदर घेऊन वावरत होते.

एका दुपारी आत्याबाई, म्हणजे सासूबाई, दारात येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलंच नाही. डबी माझ्या हातात उघडी.

"कुनाचा गं ह्यो?"

मी म्हणाले, "सारीचा."

"करवलीचा? मग हितं काय करतोय?"

मी सगळं सांगितलं. रडत सांगितलं, पट्टी, फरशा, कणगी, सगळं. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मला तवाच कळलं हुतं की. पानी घिऊन आली तवा नाकावर दोन वळ हुतं तिच्या, ह्या बाजूला एक, त्या बाजूला एक. म्हणलं, लेकरू घाईत चष्मा घालायचं इसरलं आसंल. आगं, आमी तुला बघाया आलो हुतो, तिला न्हाय. आन तुला जरी आसता तरी काय बिघडलं आसतं? आमच्या ह्यांला कोंबडा हाय का कावळा ते आवाजावरनं कळतंय."

मग म्हणाल्या, "उद्याच्या पयल्या यष्टीनं जा आन दिऊन ये. आखाडाची वाट बघत बसू नगं."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला पुढं अनेकदा वाटलं. रागाला काहीतरी उत्तर असतं. पण ज्याच्यासाठी आम्ही ते सगळं केलं, ते भय मुळात नव्हतंच. कुणीही मागितली नव्हती ती किंमत आम्ही आमच्या मनानं एका आठ वर्षांच्या पोरीकडून वसूल केली होती.

दुसऱ्या दिवशी मी सांगवीला गेले. सारी फाट्यावरच बसलेली होती, बाभळीखाली, एकटीच. मी हाक मारली तेव्हा उठून धावत आली. मी डबी पुढं केली. "कपड्यांत चुकून आला होता. काल सापडला," मी म्हणाले. काल! ती डबीकडं बघून हसली, टक्क करून उघडली, मिटली, आणि विचारलं, "आता परत कवा जाणार?"

डॉक्टरांनी तपासलं. विचारलं, "मध्ये किती दिवस बंद होतं?" मी म्हणाले, "दोन-तीन आठवडे." सारी स्टुलावर बसलेली होती, तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं आणि म्हणाले, "चालू ठेवा." पुन्हा पट्टी सुरू झाली, पण मी निमगावात. मोकळ्या डोळ्याची चटक लागलेली पोर पट्टी टिकू देईना आणि आईला तिचं रडं बघवेना. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायची, तिला फरशीवर उभी करायची. तिसऱ्या फरशीच्या मागं ती पुन्हा कधी गेली नाही.

हल्ली डॉक्टर सांगतात, खंड पडला नसता तरी डोळा पूर्ण सुधारलाच असता असं नाही. मी ऐकते. मला ते पटतही नाही आणि सोडवतही नाही. सहाव्या फरशीवर उभी राहिलेली ती मला डोळ्यांपुढं दिसते, आणि मागची एक मोकळी फरशी दिसते.

सारी आता बारामतीला एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. तिचं सगळं व्यवस्थित आहे, संसार, पोरं, नोकरी. चहा ओतताना धार कपाच्या कडेला लागते आणि बशीत थोडा सांडतो, एवढंच. आणि डावीकडून कुणी अचानक आलं तर ती दचकते, "आगं, आवाज तरी द्यायचा!" म्हणून हसते. तिचा नवरा, तिची पोरं सगळी तिच्या उजव्या बाजूनं चालतात, न सांगता. मी मात्र नेहमी तिच्या डावीकडं बसते. लग्नकार्यात, गाडीत, जेवायला. तिकडून तिच्याकडं मला पोटभर बघता येतं आणि मी बघतेय हे तिला दिसत नाही. तीस वर्षं मी तिथंच बसत आले.

गेल्या महिन्यात माझ्या मुलासाठी मुलगी बघायला आम्ही तालुक्यातल्याच एका गावी गेलो. या वेळी पाहुण्यांच्या गाडीत मी होते. सारी मावशी म्हणून बारामतीहून आली होती. सतरंजीवर बसलो, मी तिच्या डावीकडं. नमस्कार-चमत्कार झाले, आणि आतून एक सात-आठ वर्षांची मुलगी पाण्याचा ट्रे घेऊन आली. मुलीची धाकटी बहीण. फार जपून चालत होती. ट्रे माझ्यासमोर धरला तेव्हा मी तिचा चेहरा बघितला, आणि नाकावर, दोन्ही बाजूंना, ते दोन लालसर वळ.

मला पाणी घेता येईना. मी म्हणाले, "बाळा, तुझा चष्मा कुठंय?"

मुलीच्या आईचा चेहरा उतरला. पोरगी आईकडं बघायला लागली. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. "जा, घालून ये. आम्ही थांबतो. आधी चष्मा, मग पाणी." ती आत पळाली. आली ती गुलाबी चष्मा घालून, आणि सगळ्यांना परत पहिल्यापासून पाणी दिलं. मुलगी बरी होती. ते जमेल, असं वाटतं.

परत येताना रस्त्याकडेच्या रसवंतीवर गाडी थांबली. पुरुषमंडळी बोलत उभी राहिली, आम्ही दोघी बाकावर. चरकाचे घुंगरू वाजत होते. मी सारीच्या डावीकडं. तिचा तो डोळा माझ्या बाजूला, उघडा, आणि मला न बघणारा. मी म्हणाले, "सारी, त्या वर्षी तुझा चष्मा काल सापडला म्हणाले होते ना, तो काल सापडला नव्हता. महिनाभर आधी सापडला होता. पेटीत, शालूखाली. मी रोज बघत होते आणि परत ठेवत होते. आणि पेटीत मीच घातला असणार."

सारी रसाच्या पेल्यातला बर्फ हलवत होती. वळली नाही.

"तू न्हाय. मी ठेवला हुता."

घुंगरू थांबले. चरकवाला दुसरी कांडी शोधत होता.

"आई म्हणली, आता आक्का तिकडंच ऱ्हाणार. मला काय कळतंय. रोज तूच घालायचीस, तूच काढायचीस, तूच धुवायचीस. मला वाटलं, चष्मा तुझ्यासंगं गेला की तो द्यायला तरी तुला यावं लागंल. हळदीदिवशी कणगीत खांद्याएवढा हात घातला आन काढला." ती जराशी हसली. "मग रोज यष्टीच्या टायमाला फाट्यावर जाऊन बसायचे. कोण बाई उतरली की उजवा डोळा हातानं झाकायचे. तू शिकवलं हुतंस तसं, आळशाला कामाला लावायचं. म्हणायचे, ह्याच डोळ्यानं वळखली तर ती आक्काच आसंल. पर नुसतं पांढरं दिसायचं."

मी पेला खाली ठेवला, उठले, बाकाला वळसा घातला आणि तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसले.